इंजिन हवा धरते तेव्हा
(जुन्या पेट्रोल गाडीतील व्हॅक्यूमची गळती कशी शोधावी)



विहिरीवरच्या पंपाने हवा धरली म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी कुणाला शिकवावे लागत नाही. मोटार फिरते, आवाज करते, पण पाणी काही वर चढत नाही. मग आपण फूट व्हॉल्व्ह बघतो, ग्लँडची दोरी बघतो, सक्शन पाइपाचा जोड चाचपतो. कुठे तरी सुईएवढी फट असते आणि तिच्यापायी दिवसाची पाळी वाया जाते. पेट्रोलवरच्या जुन्या गाडीलाही हाच आजार होतो. फरक इतकाच, की पंपाचा दोष आपण स्वतः हुडकतो आणि गाडीचा दोष मात्र दुसऱ्यावर सोपवून मोकळे होतो.

येलदरी परिसरात आणि जिंतूरच्या बाजूला आजही कुणाच्या गोठ्यालगत जुनी जीप उभी आहे, कुणाकडे ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी आहे, कुणाकडे कार्बोरेटरची मारुती. ॲम्बेसेडर २०१४ साली बंद झाली आणि मारुती ८०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. पद्मिनी तर त्याच्या कितीतरी आधीच गेली. गाड्या राहिल्या, पण कार्बोरेटर जाणणारे मिस्त्री कमी होत चालले. रात्री-बेरात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे असते तेव्हा घरची गाडी सुरू झालीच पाहिजे. म्हणून हा दोष मालकाने स्वतः ओळखावा, यासाठी हा पाठ.

इंजिनाची ओढ म्हणजे काय?

पिस्टन खाली जाताना पिचकारीसारखा हवा ओढतो. पण कार्बोरेटरमधली झडप (थ्रॉटल) जवळजवळ मिटलेली असली, म्हणजे गाडी ‘स्लो’वर उभी असली, तर त्याला पुरेशी हवा मिळत नाही. त्यामुळे झडपेच्या पुढच्या भागात, म्हणजे इनलेट मॅनिफोल्डमध्ये, दाब बाहेरच्या हवेपेक्षा खूपच उतरतो. यालाच व्हॅक्यूम म्हणतात. मिस्त्री लोक त्याला नुसती ‘ओढ’ म्हणतात आणि तो शब्द चांगला आहे.

ही ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजतात. इटलीच्या टॉरिचेलीने १६४३ मध्ये दाखवून दिले, की समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे तीस इंच पारा तोलून धरतो. धडधाकट चार सिलिंडरच्या इंजिनाची स्लोवरची ओढ १८ ते २१ इंच असावी, असे पुस्तकांत लिहिलेले असते. पण ती पुस्तके समुद्रसपाटीचा हिशेब धरतात. दर हजार फुटांना पारा साधारण एक इंच उतरतो. येलदरी धरणाचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर, म्हणजे दीड हजार फुटांच्या आसपास उंच आहे. तेव्हा आपल्याकडे मीटरचा काटा पुस्तकातल्यापेक्षा दीडएक इंच कमीच दिसणार. मुंबईला ज्या इंजिनाची ओढ १९ इंच, त्याचीच येथे साडेसतरा. तेवढ्यावरून कुणी ‘इंजिन उतरले, बोअर करा’ म्हणाला, तर लगेच मान डोलवू नका.

कारखान्यात पॅनवर काम करणाऱ्यांना ही गोष्ट चटकन पटेल. इंग्लंडच्या हॉवर्ड याने १८१३ च्या सुमारास व्हॅक्यूम पॅन आणला तेव्हापासून साखर कमी दाबाखाली शिजवली जाते. पॅनमध्ये २५-२६ इंचांची ओढ असली, की पाक ६० ते ७० अंश सेल्सिअसलाच उकळतो आणि साखर करपत नाही. कुठे झाकणाचे पॅकिंग सैल पडले, की ओढ पडते, उष्णता चढते आणि साखर रंग धरते. पॅनची गळती काढण्यासाठी आपण जेवढी धावपळ करतो, तेवढी गाडीच्या मॅनिफोल्डसाठी करायला काय हरकत आहे?

छिद्र लहान, हिशेब मोठा

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. कार्बोरेटर हे माप सांभाळतो, पण त्याच्यातून गेलेल्या हवेपुरतेच. फटीतून आत शिरलेल्या हवेची त्याला दाद नसते, म्हणून तिच्या वाटचे पेट्रोल कुणी देत नाही आणि मिश्रण पातळ होते.

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे. ते मिनिटाला ८०० फेरे घेत स्लोवर चालले असताना ढोबळ हिशेबाने मिनिटाला दीडशे लिटरच्या आत-बाहेर हवा घेते. आता मॅनिफोल्डला तीन मिलिमीटरचे, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून लहान छिद्र पडले असे धरा. तेवढ्या ओढीखाली त्यातून मिनिटाला साठ-सत्तर लिटर हवा आत घुसते. जवळजवळ निम्मी भर! हीच गाडी रस्त्यावर जोरात चालली, की इंजिन हजार-दीड हजार लिटर हवा घेते, शिवाय झडप उघडल्यामुळे ओढही कमी होते. मग त्या फटीतली हवा त्यात लपून जाते.

म्हणून या दोषाची खूण पक्की लक्षात ठेवा: गळतीचा त्रास स्लोवर जास्त, पळताना कमी.

लक्षणे

‘गाडी स्लोच धरत नाही, झटके मारायलीय, चौकात उभी केली की बंद पडायलीय’, अशी तक्रार असते. त्याशिवाय पुढील खुणा दिसतात:

- स्लो एकसारखा राहत नाही. कधी चढतो, कधी उतरतो.
- इंजिन गरम झाले तरी चोक पूर्ण आत ढकलता येत नाही.
- कार्बोरेटरमधून अधूनमधून ‘फट्’ असा आवाज येतो.
- बॉनेट उघडल्यावर बारीक ‘स्स्स्’ असा फुत्कार किंवा शिट्टी ऐकू येते.
- प्लग काढले तर टोके पांढुरकी, कोरडी दिसतात. विटकरी रंग हरवलेला असतो.
- मिश्रणाचा स्क्रू फिरवला तरी इंजिन फारशी दाद देत नाही.

पुष्कळदा होते काय, की मिस्त्री स्लोचा स्क्रू पिळून गाडी कशीबशी उभी करून देतो. मिश्रणाचा स्क्रू दोन आटे सैल करतो, फेरे वाढवतो आणि गाडी परत पाठवतो. त्याने दुखणे झाकले, बरे केले नाही. पेट्रोल वाढते. शिवाय फट एकाच सिलिंडरजवळ असली, तर तो सिलिंडर पातळ मिश्रणावरच जळत राहतो. पातळ मिश्रण सावकाश आणि तापून जळते. अशाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि चहाच्या पैशांत होणारे काम हेड उतरवण्यावर जाते. दुसरे म्हणजे, पीयूसीची तपासणी करताना गाडी स्लोवर असते. मिस फायर होऊन न जळलेले पेट्रोल धुराड्यातून गेले, की दाखला अडतो.

आधी काय वगळावे?

‘आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी’ असे होऊ नये. स्लो बिघडण्याला दुसरीही कारणे असतात. म्हणून आधी पॉइंटची गॅप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावा, प्लग साफ करा, प्लगच्या वायरी बघा, एअर फिल्टर झटका.

यानंतर चोकची परीक्षा घ्या. इंजिन गरम असताना चोक थोडा ओढा. चोक ओढल्यावर इंजिन सुधारले, तर मिश्रण पातळ आहे हे ठरले. चोकने बिघडले, तर दोष या पाठातला नव्हे.

आता पातळ मिश्रणाची कारणे दोन: हवा जास्त तरी आहे किंवा पेट्रोल कमी तरी आहे. दोहोंतला फरक रस्त्यावर कळतो. चढाला किंवा ओझे असताना गाडी धाप टाकत असेल, तर पेट्रोल कमी येते आहे. तेव्हा फिल्टर, पेट्रोल पंप आणि मेन जेट बघा. पळताना गाडी चांगली आणि उभी केली की रडते, असे असेल तर गळती किंवा तुंबलेला स्लो जेट. स्लो जेट काढून हवेने फुंकून बसवा. त्यानेही फरक पडला नाही, तर गळती शोधायला लागा.

शोधण्याची रीत

गाडी मोकळ्या जागी लावा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातला विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका. उपरणे, पदर, सैल बाही पंख्यापासून लांब ठेवा.

१. डोळ्यांनी. इंजिन बंद असताना सगळ्या रबरी नळ्या वाकवून बघा. वरून धड दिसणारी नळी वाकवल्यावर खालच्या अंगाला तडकलेली निघते. निसटलेली नळी, हरवलेले बूच, तुटलेला क्लिप – निम्मे दोष इथेच सापडतात.

२. कानाने. ठिबकच्या लॅटरलचा हातभर तुकडा घ्या. एक टोक कानाशी धरा, दुसरे टोक इंजिन चालू असताना जोडाजोडावरून सावकाश फिरवा. फट आली की फुत्कार एकदम मोठा होतो. डॉक्टरांची नळी तशी ही.

३. चिमटीने. नळ्यांना फडके गुंडाळून पकडीने एकेक नळी दाबा. जी नळी दाबल्यावर स्लो सुधारतो, तिच्यात किंवा ती जिथे जाते तिथे दोष आहे. एका वेळी एकच नळी दाबायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

४. पाण्याने. घरच्या कुंड्यांवर पाणी मारायची लहान फवारणी घ्या. कार्बोरेटरच्या बुडाचा जोड, मॅनिफोल्डचा जोड, झडपेच्या दांड्याची टोके यांवर एका जागी थोडे-थोडे पाणी मारा आणि थांबा. पाणी फटीत ओढले जाऊन ती क्षणभर बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. डिस्ट्रिब्यूटर आणि प्लगच्या वायरींवर पाणी उडू देऊ नका, नाहीतर नवीनच दुखणे मागे लागेल.

५. तेलाने. पाण्याने संशय आला त्या जोडावर तेलाच्या बुधलीने दोन थेंब घट्ट तेल सोडा. स्लो सावरला आणि थोड्या वेळाने परत बिघडला, तर जागा पक्की.

पेट्रोल, थिनर किंवा डब्यातला कार्बोरेटर क्लीनर फवारून बघण्याची रीत काही ठिकाणी आहे. जवळच तापलेला एक्झॉस्ट असतो आणि प्लगच्या वायरीतून ठिणगी उडू शकते. ही रीत वापरू नका. विडी-उदबत्तीच्या धुराने बघणे तर पेट्रोलजवळ सोडूनच द्या. पाण्याने तेच काम होते.

व्हॅक्यूम मीटर मिळाला तर मॅनिफोल्डला लावा. काटा स्थिर पण खाली, १२-१४ इंचांवर असेल, तर मॅनिफोल्ड-कार्बोरेटरची गळती किंवा मागे पडलेले टायमिंग. काटा ठरावीक तालात झटका देत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तो दोष नळ्या बदलून जाणार नाही.

नेहमीच्या जागा

*कार्बोरेटरचे बूड.* सर्वांत जास्त गळती इथे. नट जोर लावून आवळले, की कार्बोरेटरचे कान वाकतात आणि मधे फट राहते. म्हणजे जास्त आवळल्यानेच गळती होते! कार्बोरेटर उतरवून त्याचे बूड सपाट काचेवर ठेवा. डुलला तर वाकला आहे. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने घासून तो सपाट करता येतो.

*झडपेचा दांडा.* वर्षानुवर्षे फिरून त्याचे भोक अंडाकृती होते. दांडा बोटाने वर-खाली हलवा. खळखळ लागली तर पॅकिंग बदलून भागणार नाही. लेथवर बुश बसवून घ्यावे लागेल.

*मॅनिफोल्डचे पॅकिंग.* ॲम्बेसेडरमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, एकाच पॅकिंगवर बसतात आणि काही स्टडवर एकच जाड वॉशर दोघांना मिळून दाबतो. एकाचा कान झिजला, की वॉशर दुसऱ्यालाच दाबतो आणि झिजलेला सैल राहतो. नवे पॅकिंग घालूनही गळती राहिली, तर इथे बघा. उलट जुन्या ‘एफ-हेड’ जीप इंजिनात इनलेट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो. तिथे हा जोडच नाही. सगळी शंका कार्बोरेटरच्या बुडावर आणि नळ्यांवर.

*डिस्ट्रिब्यूटरची बारीक नळी.* तिच्या टोकाला एक पडदा असतो. तो फाटला, की टायमिंग पुढे सरकत नाही. बऱ्याच गाड्यांत या नळीला स्लोवर ओढ मिळतच नाही, झडप थोडी उघडल्यावर मिळते. म्हणून स्लोवर ही नळी दाबून काही कळले नाही, तरी तिला निर्दोष समजू नका. इंजिन बंद करून, नळी कार्बोरेटरकडून काढून, टोक पुसून हलके ओढून जिभेने बंद करा. ओढ टिकली तर पडदा शाबूत.

*वायपर.* विलीज धाटणीच्या जुन्या जीपमध्ये काचेचा वायपरही इंजिनाच्या ओढीवर चालत असे. ॲक्सिलेटर दाबला की वायपर मंद व्हायचा, त्याचे कारण हेच. असा वायपर पुढे काढून टाकला असेल, तर त्याच्या नळीचे तोंड बंद आहे का ते बघा.

ब्रेकशी खेळ नको

ज्या गाडीला ब्रेक बूस्टर आहे, तिथे गळतीचा प्रश्न स्लोपुरता राहत नाही. बूस्टर याच ओढीवर ब्रेकला जोर देतो. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले पाहिजे. गेले नाही, तर बूस्टरला ओढ पोचत नाही. पेडल दाबल्यावर स्लो बदलत असेल, तर बूस्टरचा पडदा फाटला आहे. इंजिन बंद केल्यावरही एक-दोन वेळा पेडल मऊ लागायला हवे. पहिल्याच वेळी दगडासारखे लागले तर नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह गेला. बूस्टरची नळी बूच मारून गाडी घाटात किंवा ओझे घेऊन चालवू नये. दुरुस्ती झाल्याशिवाय गाडी काढूच नका.

इथेनॉल आणि आपली जुनी गाडी

हा विषय ऊस उत्पादकाच्या घरचाच. उसाच्या रसापासून आणि मळीपासून झालेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि त्याने कारखान्यांना उत्पन्नाची नवी वाट मिळाली. २० टक्के मिश्रणाची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशाने ते उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले. ही आपल्या फायद्याची गोष्ट आहे. पण जुन्या गाडीच्या मालकाने दोन गोष्टी ओळखून असाव्यात.

पहिली म्हणजे, जुन्या धाटणीचे रबर आणि कॉर्कचे पॅकिंग इथेनॉलने फुगते, मऊ पडते, मग तडकते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर थांबून बघावे. तिथे प्रश्न आगीचा असतो.

दुसरी म्हणजे, इथेनॉलच्या पोटात स्वतःचा ऑक्सिजन असतो. पेट्रोलला पंधरा भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला नऊच. त्यामुळे जुन्या जेटवर २० टक्के मिश्रण टाकले, की मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडते. लक्षणे गळतीसारखीच दिसतात. ओळखायचे कसे? इंधनामुळे आलेला पातळपणा स्लोवर, पळताना, चढाला सगळीकडे सारखा असतो. त्याला उपाय जेट आणि स्क्रू यांचा. गळतीचा पातळपणा स्लोवरच जास्त. त्याला उपाय फट बुजवणे. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर पैसे जातात आणि दोष राहतो. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि पाणी टाकीच्या तळाशी साचते.

डिझेल आणि पंपाविषयी थोडेसे

ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनात हवेला अडवणारी झडप नसते, म्हणून तिथे मॅनिफोल्डची अशी ओढही नसते. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात ओढ असते. तिथला वॉशर किंवा जोड सैल झाला, की डिझेल बाहेर न गळता हवा आत जाते. जोड कोरडा दिसतो आणि इंजिन मात्र बंद पडते. पंपाचेही तसेच. पाणी ओढण्याची मर्यादा कागदावर दहा मीटर, पण व्यवहारात सहा मीटरच्या पुढे भरवसा नाही. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी मागे हटले, की पंप खाली सरकवा. उंची वाढली की ओढ वाढते आणि कालपर्यंत झाकलेली फट आज हवा धरू लागते.

लक्षात ठेवा

- स्लोवर त्रास, पळताना बरे – गळतीचा संशय.
- चोक ओढून सुधारले – मिश्रण पातळ.
- आधी नळ्या, मग कार्बोरेटरचे बूड, शेवटी मॅनिफोल्ड. स्वस्त काम आधी, महाग काम नंतर.
- पाण्याने शोधा, पेट्रोलने नाही.
- नट आलटून-पालटून, समोरासमोरचे, बेताने आवळा.
- गळती काढल्यावर स्लोचे दोन्ही स्क्रू पुन्हा लावून घ्या. जुन्या पिळाने आता पेट्रोल जास्त जाईल.
- बूस्टरला गळती असेल तर गाडी रस्त्यावर आणू नका.

कार्बोरेटर बदलायचा सल्ला मिळाला, तर खिशात हात घालण्याआधी अर्धा तास काढून हातभर नळी आणि पाण्याची फवारणी घेऊन बसा. फट सापडली तर नळीचा तुकडा किंवा पॅकिंगचा कागद यावर काम भागेल. नाही सापडली, तरी मिस्त्रीला ‘काय-काय बघून झाले’ हे नेमके सांगता येईल आणि चांगल्या मिस्त्रीला तेवढेच हवे असते.